मापुतोमधून, २३ डिसेंबर २०२४

मोझांबिकच्या घटनात्मक परिषदेने आज ९ ऑक्टोबरच्या निवडणुकीवर अंतिम शिक्कामोर्तब केले. निवडणूक आयोगाने सत्ताधारी फ्रेलिमो पक्षाच्या दानिएल शापो यांच्या पारड्यात जवळपास ७१ टक्के मते टाकली होती. परिषदेने ती ६५ टक्क्यांवर आणली, पण विजेता तोच राहिला. १९७५ पासून एकच पक्ष सत्तेवर असलेल्या देशात, विरोधी उमेदवार वेनान्सियो मोंडलाने यांच्यामागे उभ्या राहिलेल्या बेरोजगार तरुणांना हा निकाल मान्य होणार नव्हताच. घोषणेनंतर थोड्याच वेळात आमच्या रस्त्याच्या टोकाला टायर पेटले आणि खिडक्या लावूनही घरात रबराचा वास भरला.

मला येथे मतदानाचा हक्क नाही, आणि कोणाची बाजू घेण्याचा अधिकारही नाही. पण दीववरून आलेल्या आपल्या आजोबांचे दुकान सांभाळणारे समोरचे काका शटर ओढण्यापूर्वी तांदळाची पोती कामगारांच्या हवाली करत होते, ते पाहून माझ्या अलिप्तपणाचा मला त्रास झाला. त्यांचा जन्म याच शहरातला, तरी जमाव त्यांना परकाच समजेल ही भीती त्यांना आहे.

गेल्या महिन्यात रात्री नऊला गच्च्यांवरून भांडी वाजू लागली, तेव्हा मला मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांचा महागाईविरोधी लाटणे मोर्चा आठवला होता. भांड्यांचा तो निषेध मला आजच्या जाळपोळीपेक्षा कितीतरी प्रभावी वाटतो.

आम्ही सुखरूप आहोत. इंटरनेट मध्येच बंद पडते, तेव्हा फोन लागला नाही तरी आईला कोणी घाबरवू नये, ही विनंती.