तुम्ही विचारलंत म्हणून: फौजींना समाजसेविका कशाला?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत आलाय, एसटीत आलाय, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलाय. "तुम्ही हॉस्पिटलात माजी सैनिकांचं बघता ना? पण त्यांना तर सगळं फुकट असतं. मग समाजसेविका कशाला?" अपशिंगे गावाच्या नावापुढेच मिलिटरी लागतं, त्या आमच्या सातारा जिल्ह्यात हे विचारतात. विचारणाऱ्याचा चुलता नाहीतर मेव्हणा हमखास फौजेत असतो.

इतकी वर्षं मी "असतं हो काहीबाही" म्हणून विषय बदलायचे. आता एकदाचं लिहून टाकते.

सगळं फुकट नसतं. 2003 साली सुरू झालेली ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, मुख्यतः पेन्शनरांसाठी आहे, आणि जवानाला पेन्शन लागायला 15 वर्षं नोकरी भरावी लागते. जुन्या पिढीत त्याआधीच परत आलेले लोक आहेत. 26 जानेवारीला शाळेत त्यांनाही शाल-श्रीफळ मिळतं, पण ईसीएचएसचं कार्ड नसतं. त्यांच्यासाठी मी सैनिक बोर्डाकडे, म्हणजे जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाकडे, मदतीचा अर्ज लावते, नाहीतर धर्मादाय रुग्णालयात निर्धनांसाठी राखलेल्या 10 टक्के खाटांमागे लागते. कार्ड असलेल्यांचं निराळंच. पॉलिक्लिनिकचं, म्हणजे योजनेच्या दवाखान्याचं, रेफरल आणलं का, इमर्जन्सीत आले तर वेळेत कळवलं का, मुलाचं कार्ड नवं केलं का. तोंडानं सगळे "जय हिंद" म्हणतात, पण बिल अडकलं की माझ्या टेबलाशी येतात.

दुसरा गैरसमज जखमांचा. माजी सैनिक म्हटलं की लोकांना गोळी लागलेला माणूस दिसतो. मणक्याला मार बसून कायमचे व्हीलचेअरवर आलेल्या सैनिकांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र 1974 पासून आहे. माझ्याकडे येतात ते साखर वाढलेले, किडनी गेलेले, यकृत सुजलेले. "कॅन्टीनची बाटली आता बंद आहे" असं बायको सांगते आणि तो छताकडे बघत राहतो. तेही माझंच काम, पण आज त्याबद्दल नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेले एक हवालदार आमच्याकडे दाखल होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद, सालवार लावून टाचलेले. एवढी नीट फाईल मी डॉक्टरांचीही पाहिलेली नाही. ती चाळताना एक गोष्ट खटकली. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे. यांनी बायकोचं सासरचं नवं नाव युनिटला कळवलं, त्याची नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर निघाली, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तेच चढलं. पुढे आधार कार्ड काढताना मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शाळेचा दाखला दिला, त्यावर माहेरचं नाव. म्हणजे सरकारच्या लेखी ह्या दोन बायका. नवरा हयात असताना त्यानं अर्ज आणि प्रतिज्ञापत्रावर सही केली की सैनिक कल्याण कार्यालयामार्फत ते रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला जातं, दुरुस्ती होते. तो गेल्यावर बाईला सिद्ध करत बसावं लागतं की ती मीच, आणि तोवर फॅमिली पेन्शन अडकून राहते.

पण सही घ्यायची तर घाई का, हे सांगावं लागणार. डॉक्टरांनी सगळं मुलाला सांगितलं होतं. मुलानं मला बजावलं होतं, "पप्पांना काही कळू देऊ नका." डॉक्टर म्हणाले, "फॅमिलीची इच्छा आहे, राहू दे."

मी कागद घेऊन गेले. म्हटलं, "काका, मावशींच्या नावाची दुरुस्ती राहिलीय, करून टाकू." त्यांनी चष्मा मागितला. अर्ज वाचला, मग स्टँप पेपर वाचला, अगदी शिक्क्यापर्यंत. मग म्हणाले, "घाई कुणाला आहे मॅडम? मला की कागदाला?"

मी म्हटलं, "आत्ता केलं तर सोपं जातं."

"म्हणजे नंतर अवघड जातं."

मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. काकांच्या उजव्या हाताला सलाईनची सुई होती. तो हात त्यांनी डाव्या हातानं धरला आणि प्रत्येक प्रतीवर सही केली. आधी आर्मी नंबर, मग रँक, मग नाव. सगळे फौजी अशीच सही करतात. शेवटच्या प्रतीवर नंबराचे आकडे ओळीखाली घसरले, तर ते खोडून पुन्हा लिहिले आणि खोडलेल्यावरही सही केली.

तेवढ्यात मावशी चहाचा थर्मास घेऊन आल्या. त्यांना वाचता येत होतं. "जित्या माणसाच्या उशाला विधवेचे कागद ठेवता?" एवढंच म्हणाल्या. मग ते होते तोवर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि नंतरही नाही. पेन्शन अडली नाही, एवढं मुलानं फोनवर कळवलं.

डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही का सांगितलंत? मी म्हटलं, मी सांगितलं नाही, त्यांनी ओळखलं. हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलंय की त्यात खरं किती आणि वकिली किती, मलाही धड सांगता येणार नाही. पण सांगायचं काम माझं नव्हतं. ज्यांचं होतं ते राउंड संपवून गेले होते.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, करून नुकती नोकरीला लागलेली तेव्हाची मी आज समोर असती तर माझ्यावर उखडली असती. तिचं पक्कं मत होतं की कागद हे क्लार्कचं काम, आपण माणसाजवळ बसायचं, त्याचं ऐकायचं. ती म्हणाली असती, आधी बसून सरळ सांगायचं होतंस, मग सही मागायची. जन्मभर हुकूम सरळ ऐकलेल्या माणसाला मरणाची बातमी स्टँप पेपरवरून? मी म्हणते, मुलाला डावलून? कोणत्या अधिकारानं? ती म्हणते, रुग्ण तो होता, मुलगा नव्हे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तिनं तोवर ऑफिसच्या बाकावर दोन नावांचे दाखले घेऊन बसलेली विधवा पाहिली नव्हती. मी पाहिलेली आहे. त्यामुळे तिचंही सगळं ऐकून घेत नाही.

आता मी एक केलंय. माजी सैनिक कशासाठीही दाखल झाला तरी पहिल्याच दिवशी बायकोचं नाव पीपीओ आणि आधारवर ताडून बघते, म्हणजे कुणाला शंका यायला नको. परवा हर्नियाचे एक सुभेदार होते. मी कागद मागताच त्यांच्या बायकोनं मला दाराबाहेर गाठलं. "खरं सांगा, काय निघालंय यांना?" हर्नियाच आहे म्हटलं, रिपोर्ट दाखवला. त्यांचा विश्वास बसला नाही.