ल्युसर्नला आलात तर नदीकाठाने थोडं खाली चला

आपल्याकडची टूरची मंडळी स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला उतरतात, कापेलब्रुके या लाकडी पुलावर फोटो काढतात, चॉकलेटं घेतात आणि लगेच टिटलिसच्या बर्फाच्या डोंगराच्या वाटेला लागतात. त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं, अजून तासभर थांबा हो!

पूल देखणाच आहे. चौदाव्या शतकातला, आणि छपराखाली सतराव्या शतकातली त्रिकोणी चित्रं. ऑगस्ट १९९३ च्या आगीत बहुतेक चित्रं जळाली. पूल पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला, पण मधल्या भागात वर बघितलं की चित्रांच्या रिकाम्या जागा दिसतात. मला तिथे दर वेळी हळहळ वाटते.

आता रॉइस नदीच्या काठाने प्रवाहाच्या दिशेने चालत राहा. पाण्याचा आवाज वाढत जातो आणि समोर लाकडी दांड्यांची लांबलचक ओळ दिसते. हा १८५९-६० मध्ये बांधलेला बंधारा, नाडेलवेअर. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे घालतात-काढतात तसंच इथे चालतं, फक्त दांडे उभे असतात. डोंगरावरचं बर्फ वितळून ल्युसर्नचं सरोवर भरायला लागलं की माणसं येऊन हाताने दांडे काढतात, पाणी ओसरलं की पुन्हा बसवतात. सुमारे ११४ चौरस किलोमीटरच्या सरोवराची पातळी अशी राखली जाते! शेजारी नवी दारंही आहेत, पण जुने दांडे आजही कामात आहेत. माझ्या मते अख्ख्या शहरात याच्याइतकं बघण्यासारखं दुसरं काही नाही.

त्याला लागूनच श्प्रॉयरब्रुके. या पुलावरच्या चित्रांत राजा, धर्मगुरू, व्यापारी, नवरी, सगळ्यांना मृत्यू हाताला धरून नेतोय. बाजारहाट करून परतणारे लोक याच चित्रांखालून जातात.

बाजार मंगळवारी आणि शनिवारी सकाळी नदीच्या दोन्ही काठांवर भरतो. चीज, भाज्या, फुलं, उन्हाळ्यात चेरी. विक्रेत्याला आधी 'ग्रुएत्सी' म्हणजे नमस्कार म्हणायचं, मग भाव विचारायचा. इथे ही रीत सगळे पाळतात.

वेळ उरला तर मुझेग तटबंदीवर चढा. तिथल्या त्सीट बुरुजावरच्या १५३५ सालच्या घड्याळाला गावातल्या बाकी घड्याळांच्या एक मिनिट आधी ठोके द्यायचा मान आहे. हिवाळ्यात मात्र बुरुज बंद असतात, तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबरमध्येच बेत आखा.