ङ पासून सुरू होणारं आडनाव

आज जेवणाच्या सुट्टीत हनोईहून आलेल्या मैत्रिणीकडून व्हिएतनामी नावं म्हणायला शिकले. तिथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आपण 'न्गुयेन' असं तुकड्यातुकड्यांत वाचतो. प्रत्यक्षात ते एका दमात येतं, साधारण 'ङ्विएन'. हा ङ आपल्या वर्णमालेत आहेच, फक्त त्याने आपला एकही शब्द सुरू होत नाही. 'अंग' म्हणताना जीभ मागे जिथे टेकते तिथेच ठेवायची आणि अ गाळून टाकायचा. खरंच जमतं, करून बघा!

मेहनत आहे ती सुरांची. हनोईच्या बोलीत सहा सूर आहेत. या आडनावात आवाज मध्येच किंचित तुटतो आणि वर चढतो. 'झुंग' हे नाव (हेच सायगॉनकडे 'युंग' होतं) संपताना चक्क ओठ मिटतात. किती सुंदर!

नाव अवघड आहे म्हणून कुणाला परस्पर 'टॉम' किंवा 'केली' करून टाकणं मला अजिबात पटत नाही. व्हिएतनाममध्ये आडनाव आधी येतं, हाक मात्र शेवटच्या नावाने मारतात. उद्याच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांना तशीच हाक मारणार आहे, सुरासकट.