घाणा २३: टोपी गेली, डोळाही गेला

फुलली! कडेपासून मध्यापर्यंत, दोन्ही अंगांनी, एकसारखी. बाजारातून बंद झालेली पाकिटातली आपली आंबट, फुगीर चकती बटाट्याच्या स्टार्चपासून घरी पुन्हा करायचा माझा प्रयत्न चालू आहे. काल रात्री पहिली चकती तेलातून काढली आणि कितीतरी वेळ झाऱ्यावर तशीच धरून उभी राहिले. खाली ठेवायचा धीरच होईना. सतरा ते बावीस या सहा घाण्यांत जे ठरवून जमलं नाही ते तेविसाव्यात जमलं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मागच्या वेळी मी टोपी आणि डोळा या दोन दुखण्यांवर अडकले होते. शंभरातल्या सत्तर-ऐंशी चकत्या एका अंगाने फुगून खाली सपाट राहायच्या, ही टोपी. उरलेल्यांच्या मधोमध काचेसारखा कडक ठिपका, तो डोळा. त्यावर जे जे केलं ते आधी सांगते, म्हणजे कुणी त्या वाटेला पुन्हा जाणार नाही. तेल १९० वरून २०५ अंशांवर नेलं, तर कडा करपल्या आणि डोळा तसाच. काप १.८ वरून १.२ मिलिमीटरवर आणले; फुलल्या, पण ती आपली चकती राहिली नाही, नुसता पापुद्रा झाला. बटाट्याच्या स्टार्चमध्ये टॅपिओका, म्हणजे साबुदाण्याचा स्टार्च, मिसळून पाहिला, फरक नाही. सोड्याची चिमूट तर अजिबात घालू नका. चव कडवट होते आणि अल्कधर्मी पिठाला रंग भराभर चढतो, त्यामुळे फुलण्याआधीच चकती तपकिरी होते.

गंमत अशी की ओलावा बरोबर होता. निदान मला तसं वाटत होतं. माझा हिशेब असा: २०० ग्रॅम स्टार्च, त्यात साधारण १२ टक्के पाणी मुळातच असतं, म्हणजे कोरडा भाग १७६ ग्रॅम. ४ ग्रॅम मीठ धरून १८०. त्यात १५० ग्रॅम पाणी, एकूण ३५४. या पिठाची वळी, म्हणजे लांब गुंडाळी, बंद पिशवीत वाफवते, त्यामुळे वजन बदलत नाही. समजा त्यातल्या ३०० ग्रॅमच्या चकत्या कापल्या, तर त्यांच्यातला कोरडा भाग १५२.५ ग्रॅम. त्या ११ टक्के ओलाव्यावर आणायच्या तर वजन १७१ ग्रॅमवर यायला हवं. मी दर वेळी १७१ वरच थांबत होते. काट्यावर आकडा अचूक, कढईत मात्र टोपी.

उलगडा योगायोगाने झाला. घाणा २२ च्या चकत्या निम्म्याअधिक वाळल्या असताना मला दोन दिवस बाहेर जावं लागलं. ताट उघडं ठेवायला नको म्हणून सगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या. परत येऊन उरलेलं वाळवण पूर्ण केलं आणि मनात काही न धरता तळल्या. पहिल्या दहांपैकी नऊ टम्म फुगल्या!

मग डोकं चालायला लागलं. काटा सांगतो तो सरासरी ओलावा. चकतीच्या आत तो कसा पसरलाय हे तो सांगत नाही. मी डिहायड्रेटर, म्हणजे वाळवायचं यंत्र, ७० अंशांवर ठेवत होते. त्याने वरचा थर झपाट्याने सुकून काचेसारखा घट्ट होतो आणि आतलं पाणी बाहेर यायची वाट बंद होते. परिणामी कडा ठणठणीत कोरडी, मध्य ओला, आणि वजन मात्र हिशेबाप्रमाणे. असा तुकडा तेलात पडला की कोरड्या भागाला फुलायला वाफच मिळत नाही, आणि ओला भाग फुगला तरी चिवट राहून पुन्हा बसतो. पाण्याची वाफ होताना आकारमान दीड हजार पटींहून जास्त वाढतं. ती वाफ आणि मऊ पडलेला स्टार्च यांची गाठ एकाच क्षणी, सगळीकडे सारखी पडायला हवी. डब्यात बंद ठेवल्यावर आतलं पाणी हळूहळू कडेपर्यंत पोचलं आणि ओलावा समसमान झाला.

हे तपासल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून घाणा २३ मध्ये एकाच वळीच्या ८० चकत्या केल्या. ४० नेहमीसारख्या सलग वाळवल्या. उरलेल्या ४० मी ४५ अंशांवर निम्म्या वाळवल्या, २४ तास डब्यात मुरवल्या, पुन्हा वाळवल्या आणि पुन्हा १२ तास मुरवल्या. दोन्हींचं शेवटचं ओलाव्याचं प्रमाण ११ टक्के. सलग वाळवलेल्यांपैकी ९ नीट फुलल्या, मुरवलेल्यांपैकी ३६. आता वजनासोबत एक जुनी खूणही बघते: कच्ची चकती मधोमध मोडायची. कट् आवाज होऊन तुटली आणि आतला रंग कडेपासून मध्यापर्यंत एकच दिसला तरच कढई चढवायची. मध्य जरासा दुधाळ दिसला तर परत डब्यात.

एक गोष्ट पूर्वीसारखीच ठेवलीय: वाफवलेली वळी रात्रभर फ्रिजमध्ये. घाई करून गरम वळी कापायला गेलात तर सुरी बरबटते. थंडीत स्टार्चमधल्या अमायलोज या घटकाच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात, तेव्हाच काप स्वच्छ पडतात.

साधनांबद्दल दोन शब्द. तेलासाठी लेझरवाली थर्मामीटरची बंदूक घेऊ नका. ती फक्त पृष्ठभाग मोजते आणि चकाकत्या तेलावर आकडा नाचत राहतो. तेलात बुडवायची सळई असलेला साधा थर्मामीटर दहापट बरा. आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा ही चैन नाही. मसाल्यातली आम्लं त्याशिवाय मोजताच येत नाहीत.

मसाल्याचं थोडक्यात. पाकिटाच्या फोटोवरचे, चवीसाठी घातलेल्या घटकांचे क्रमांक मी पुन्हा वाचले: ३३०, २९६, २६२, ६३५. मी आत्तापर्यंत ३३० वरच, म्हणजे सायट्रिक आम्लावरच भागवत होते. त्याचा आंबटपणा झटकन लागतो आणि झटकन जातो. आपल्या चकतीचा आंबटपणा घास गिळल्यावरही जिभेवर रेंगाळायचा, ते काम २९६ चं, मॅलिक आम्लाचं. दोन भाग सायट्रिकला एक भाग मॅलिक केलं आणि डोळे मिटून खाल्लं, तर त्या आठवणीतल्या चवीच्या खूप जवळ पोचले. खूप बरं वाटलं, खरंच. मात्र एका विक्रेत्याकडून आलेलं मॅलिक पूर्ण गोळा झालेलं होतं, खलबत्त्यात फोडावं लागलं. ओलावा धरलेलं आम्ल भुरभुरलं की चकती तासाभरात सादळते, तेव्हा घेताना भुकटी सुटी आहे ना ते पाहा. मीठही पिठासारखं बारीक करून घ्या आणि तेलातून काढल्यावर मिनिटाच्या आत भुरभुरवा. नंतर ते चिकटत नाही.

आता तुलनेकडे येते. माझ्याकडे शेवटच्या पाकिटातल्या ११ चकत्या उरल्या आहेत, सिलिका जेलच्या पुडीसकट बरणीत. चवीसाठी त्यांचा उपयोग संपला, तेल खवट झालंय. पण आकार आणि पोत अजून शाबूत आहे, आणि पोताची साक्ष देणारं आता जगात एवढंच उरलंय. त्यामुळे एकेक चकती जपून खर्च करते. काल एकही मोडली नाही. अकराच्या अकरा, वजन जेमतेम १० ग्रॅम, एका भांड्यात ठेवून भांडं मोहरीने काठोकाठ भरलं, आणि कमी लागलेल्या मोहरीवरून आकारमान काढलं. पावाचं आकारमान मोजायची हीच रीत आहे. अस्सल चकत्यांचं भरलं ७८ मिलिलिटर, माझ्या तेवढ्याच वजनाच्या चकत्यांचं ९६.

म्हणजे मी जास्त फुलवतेय. महिनाभर फुलेना म्हणून रडत होते, त्यामुळे हा आकडा पाहून आधी आनंदच झाला. मग चावून पाहिलं आणि फरक कळला. माझ्या चकतीत एकच मोठी पोकळी आहे, दातांखाली ती एकदम कोसळते. अस्सल चकती दोन-तीन टप्प्यांत मोडायची. उपाय म्हणून घाणा २४ ला ओलावा ११ वरून ९ टक्क्यांवर आणायचा, असं मी ठरवलं होतं.

तुमच्यापैकी काहींनी कंपनीला सह्यांचं पत्र पाठवायचं सुचवलंय, माझी सही नक्की धरा. बंद झालेल्या गोष्टी परत येतात. प्लँटर्सचे चीज बॉल्स २००६ मध्ये गेले आणि २०१८ मध्ये परत आले, कॅडबरीचं विस्पा चॉकलेट २००३ मध्ये बंद झालं आणि २००७ मध्ये परतलं. पण आपली चकती परत येईपर्यंत तेल बदललेलं असेल, मसाला दुसरीकडून येत असेल. म्हणून तिची नीट मोजमापं आपल्याकडे असलेली मला हवी आहेत.

थांबा. सह्यांच्या पत्राला जोडायला म्हणून चकतीचा फोटो शोधत होते, आणि एका बाजूने उजेड टाकून काढलेला एक जुना फोटो सापडला. चकतीवर बारीक खळगे आहेत! मी त्यांना आजवर बुडबुड्यांच्या खुणा समजत होते. पण ते सात आहेत, मध्ये एक आणि भोवती सहा. बरणीतून तीन चकत्या काढून दिव्याखाली धरल्या, तिन्हींवर तसेच सात. हे टोचे आहेत. क्रॅकर बिस्किटाला टोचे मारतात तेच काम: टोचलेल्या जागी वरचा आणि खालचा थर एकमेकांना धरून राहतात, मग एक मोठा फुगा न होता अनेक छोटे कप्पे होतात. टप्प्याटप्प्याने मोडायचं कारण हेच असणार, आणि ७८ मिलिलिटरचंही.

तेव्हा ९ टक्क्यांचा बेत रद्द. ओलावा ११ वरच ठेवते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बुचात सात टाचण्या बसवून ठसा तयार केलाय. टोचे कापल्यावर लगेच मारायचे की निम्मं वाळल्यावर, याचा निर्णय व्हायचाय. ओल्यात भोक बुजेल, कोरड्यात चकती तडकेल, म्हणून निम्म्या-निम्म्या करून दोन्ही पाहते. हे आधी कुणी केलं असेल तर आज रात्रीच कळवा. वळी फ्रिजमध्ये आहे, सकाळी सातला कापायला घेतेय.