ॲम, इज, वॉज आणि अस्ति-स्तः-सन्ति

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा ‘आय ॲम, यू आर, ही इज’ घोकून घेतलं होतं. एकाच क्रियापदाची इतकी वेगवेगळी तोंडं का, असं विचारायची सोय नव्हती. आठवीत संस्कृत आलं आणि ‘अस्ति स्तः सन्ति’ ही नवी घोकंपट्टी मागे लागली. आमच्या तुकडीचं नशीब थोर, की दोन्ही विषय एकाच बाईंकडे होते.

एका ऑफ तासाला बाईंनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे अस्मि, अस्ति. उजवीकडे ॲम, इज. ‘‘मोठ्यांदा वाचा,’’ म्हणाल्या. ‘म’पाशी ‘म’ आणि ‘स’पाशी ‘स’ आल्याचं कानांनाच कळलं. मग ‘सन्ति’च्या समोर त्यांनी जर्मनमधलं ‘झिंड’ लिहिलं. अर्थ तोच, ‘आहेत’. ‘बी’ हे भू (होणं) धातूचं भावंड, जसा भ्राताचा ब्रदर. आणि ‘वॉज’ निघालं वस् धातूच्या घरातून, म्हणजे आपल्या वस्तीतल्या ‘वस’शी त्याचं नातं. ‘वॉज’चं मूळ क्रियापद ‘वेसन’; जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ असणं होता, तसाच राहणंही. अस्, भू, वस् अशी तीन निरनिराळी क्रियापदं एकाच्या नावावर नांदताहेत! परीक्षेला यातलं काही येणार नाही असं बाईंनी आधीच सांगितल्यामुळे वर्ग निवांत ऐकत होता.

भाषापंडित सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं मांडलं, तेव्हा क्रियापदांच्या धातूंचाच दाखला दिला होता. ‘वॉज’मधल्या ‘स’चा ‘वेअर’मध्ये ‘र’ का झाला, याचं उत्तर मात्र मला कॉलेजात गेल्यावर मिळालं. कार्ल व्हर्नर या डॅनिश पंडिताने १८७७ साली ते छापलं. जुन्या शब्दांत आघात कुठे पडायचा यावर हा बदल अवलंबून होता आणि त्यासाठी त्याने पुरावा घेतला तो वैदिक स्वरांचा. आपल्याकडे भटजी हात हलवत जे उदात्त-अनुदात्त म्हणतात, तेच! हे वाचून मी हरखूनच गेलो होतो. पाचवीच्या पुस्तकात ॲम-इजशेजारी अस्मि-अस्ति छापायला हरकत काय, हे मला आजही कळलेलं नाही.

त्या तासाला मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, ‘‘बाई, मग मराठीचं काय?’’ बाईंनी रेघेखाली लिहिलं : ‘मी रोज घरी असतो. काल घरी होतो.’ पहिल्यात अस्, दुसऱ्यात भू. ‘‘इंग्रजांना कशाला हसता?’’ म्हणाल्या आणि डस्टर उचललं.