अग्नी मी दिला, वारस आत्या

अग्नी देईल तो वारस, ही आपल्याकडची पक्की समजूत. कोल्हापुरात पंचगंगा घाटावर काकांना अग्नी मी दिला, म्हणून बँकेतला पहिला अर्जही माझ्याच नावानं भरला. तो चुकीचाच होता. काका अविवाहित, आई-वडील आधीच गेलेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात अशा वेळी भाऊ-बहिणी आधी येतात, पुतणे-भाचे त्यांच्या खाली. माझे वडील काकांच्या आधी गेले आणि दोन आत्या हयात आहेत, म्हणजे निम्मं-निम्मं त्यांचं. मुलगा आधी वारला तर त्याचा वाटा नातवंडांकडं जातो, पण भाऊ आधी वारला तर पुतण्याला तसा वाटा नाही.

शेतीचं काम सरळ झालं. ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, गाव नमुना सहा-क मध्ये वारस नोंद, मग फेरफार आणि १५ दिवसांची नोटीस.

अडलं ते ठेवींवर. एका सहकारी बँकेत पाच ठेवपावत्या, एकीवरही नामनिर्देशन नाही, रक्कम ५ लाखांच्या वर. काउंटरवर सांगितलं, "कोर्टाचा वारस दाखला आणा, लगेच देतो." कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात १८२७ च्या रेग्युलेशनखाली (मुंबई इलाख्याचा जुना कायदा) अर्ज केला, पेपरात जाहीर नोटीस दिली, हरकतीची मुदत संपवली, दाखला आणला. मुख्य कचेरीनं तो परत पाठवला: हा नव्हे, उत्तराधिकार प्रमाणपत्र पाहिजे. म्हणजे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं, कलम ३७२ चं. दोन्ही कागदांना सगळे "वारस दाखला"च म्हणतात, तिथं माझे महिने गेले. पहिला कागद तुम्ही वारस आहात एवढं सांगतो. दुसरा ठरावीक येणं आणि रोखे वसूल करायचा अधिकार देतो. म्हणून बँकेकडून आधी लेखी घ्या, कुठल्या कायद्याखालचा कागद हवा ते. तोंडी ऐकून वकिलाकडं जाऊ नका.

दुसरा अर्ज आत्यांच्या नावानं. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक पावतीचा नंबर आणि रक्कम लागते. आम्ही एक पावती विसरलो (देवघरातल्या डब्यात होती), तिच्यासाठी कलम ३७६ खाली प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवून घ्यावी लागली. आधी बँकेकडून सगळ्या खात्यांची यादी शिक्क्यासह मागा. कोर्ट फी रकमेवर बसते, तिची तयारी ठेवा.

रक्कम कमी असेल तर कोर्टाचं तोंडही बघावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांत सहकारी बँकांसाठी ही मर्यादा ५ लाख, इतर बँकांसाठी १५ लाख धरली आहे. तेवढ्यापर्यंत हमीपत्र आणि बाकी वारसांचं ना-हरकत यावर भागतं.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: दवाखान्यात आणि घाटावर नाव आधार कार्डाप्रमाणंच लिहून द्या. आमच्याकडं मृत्यू दाखल्यावर "बाळासाहेब" आणि सातबारावर "बाळू". एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र प्रत्येक टेबलावर द्यावं लागलं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा.

काकांसोबत शेवटची वर्षं एक बाई राहत होत्या. दवाखाना त्यांनीच केला. लग्न नाही, म्हणून वारसात त्या कुठंच नाहीत, आणि अंत्यसंस्कारालाही त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांना नॉमिनी केलं असतं तरी पैसे हातात आले असते, मालकी आत्यांचीच राहिली असती. काकांनी साध्या कागदावर मृत्युपत्र करून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या तर पुरलं असतं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. कोल्हापुरात प्रोबेटही (मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेणं) सक्तीचं नाही. साक्षीदार मात्र तुमच्यापेक्षा वयानं लहान आणि ज्याला काही मिळणार नाही असा घ्या.

प्रमाणपत्राची मूळ प्रत बँकेत ठेवून घेऊ देऊ नका. दाखवा आणि प्रमाणित प्रत द्या.