तुम्ही विचारलंत म्हणून: क्योटो सोडून तो रोबो कशाला?

ऑफिसच्या कामाने ओसाकाला गेलो होतो, एक दिवस मोकळा मिळाला आणि तो मी क्योटोला न जाता जवळच्या कोबे शहरात घालवला. एवढंच झालं. पण फोटो टाकल्यापासून जो भेटतो तो तेच विचारतो, जपानला जाऊन देवळं नाही, बागा नाही, लोखंडी रोबोखाली उभा राहिलास? बायकोच्या मावशीने तर भर लग्नाच्या पंगतीत विचारलं. तर एकदाच सांगतो.

आधी हे, की बघण्यासारखं काही बघितलंच नाही असं नाही. सकाळी मेरिकेन पार्कला गेलो. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५:४६ च्या भूकंपात तिथला बंदराचा धक्का फुटला, त्याचा एक तुकडा तसाच ठेवलाय, तिरके झालेले दिव्याचे खांब, भेगांमधून समुद्राचं पाणी. पलीकडे १०८ मीटरचा लाल पोर्ट टॉवर, आणि जवळच 'बी कोबे' अशी मोठी पांढरी अक्षरं, तिथं फोटोला रांग. मीपण लागलो रांगेत. लागणारच ना.

मग लोकलने शिन-नागाता. हा भाग त्या भूकंपात नुसता पडला नाही, जळला. दाटीवाटीची लाकडी घरं, बुटांचे छोटे कारखाने, आग लागली ती विझेना. त्याच वस्तीत, वाकामात्सु पार्कमध्ये, २००९ मध्ये तिथल्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी पुढाकार घेऊन तेत्सुजिन २८ या रोबोचा पुतळा उभा केला. पाय फाकवून मूठ उगारलेला, सरळ उभा केला तर १८ मीटर भरेल एवढा, वजन ५० टन. हा १९५६ मधल्या मांगातला, म्हणजे जपानी कॉमिकमधला रोबो, मित्सुतेरु योकोयामांचा, आणि योकोयामा कोबेचेच. गोष्टीत हा युद्धासाठी बनवलेलं हत्यार असतो. स्वतःचा मेंदू नाही, रिमोट ज्याच्या हातात त्याचं ऐकणार, चोराच्या हातात गेला तर चोराचं.

आता खरं कारण. याच योकोयामांनी जायंट रोबोही काढला होता. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर तो लागायचा, मनगटातल्या घड्याळात बोलून रोबोटला बोलावणारा पोरगा आठवतोय? सुट्टीत आम्ही तो मामाकडं बघायचो. मामाचं गाव किल्लारीजवळ. माझा मामेभाऊ बाळ्या मामाचं बंद पडलेलं घड्याळ बांधून गच्चीवरून ओरडायचा आणि रोबोट म्हणून मला यावं लागायचं, कारण मी उंच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, गणपती विसर्जनाची रात्र. घराच्या भिंती दगडमातीच्या, हातभर जाड. बाळ्या गेला, मामी गेली. मामा बाहेर झोपले होते.

तर मी त्या रोबोच्या पायाशी उभं राहून आईला व्हिडिओ कॉल लावला. का लावला माहीत नाही, लावला. ती म्हणाली, "हे काय दाखवायलास?" मी सांगितलं, भूकंपात गाव जळालं होतं, आता लोकांनी हा उभा केलाय. "किती माणसं गेली?" म्हटलं सगळी मिळून सहा हजारांवर. "आन् त्येंनी बाहुलं उभं केलं?" मी समजवायला लागलो की असं नसतं, बघ इथं पोरं खेळायलीत, दुकानं चालतात, हे काढणारा माणूस इथलाच, बाळ्याचा तो घड्याळवाला पण त्यानंच काढला. बाळ्याचं नाव मी काढायला नको होतं की हवं होतं, आजही सांगता येत नाही. आई म्हणाली, "त्याच्यासाठी इतक्या लांब गेलास. जुन्या गावात कधी गेलास रे?" मी म्हटलं तिथं आहे काय जायला, गाव हलवलं, दगड आणि बाभळी उरल्यात. म्हणाली, "हो ना," आणि फोन ठेवला. शेजारी एक पोरगी रोबोच्या पायाला पाठ लावून आईस्क्रीम खात होती. मी सोबामेशी खायला गेलो, नूडल्स आणि भात तव्यावर बारीक करून एकत्र परततात, नागाताचाच पदार्थ, आणि खरं सांगतो भूक लागली होती, सगळं संपवलं.

गंमत म्हणजे २००९ ला या पुतळ्याची बातमी वाचली तेव्हा मीच मित्रांसमोर तावातावाने बोललो होतो की माणसं मेली तिथं कार्टून म्हणजे चेष्टा आहे, दुकानदारीची जाहिरात आहे. आता तोच मुद्दा आईच्या तोंडून ऐकला आणि मी उलट बाजूने भांडलो. त्या वेळच्या मला आज काय उत्तर देऊ? जाहिरात तर आहेच, गिऱ्हाईक यावं म्हणूनच आहे, आणि तरी मी गेलो तेव्हा मागच्या बाजारात बरीच शटर खालीच होती. पण गिऱ्हाईक नको मग काय हवं, नुसता चौथरा आणि वर्षातून एकदा हार? तेही मला पटत नाही. दुसऱ्या बाजूने, बाळ्याच्या घराच्या जागी कुणी रोबो उभा केला असता तर मी दगड मारला असता बहुतेक. किंवा सेल्फी काढला असता.

संध्याकाळी कोबेच्याच सान्नोमिया भागातल्या सेंटर प्लाझात मांगाची दुकानं फिरलो, मुलीसाठी की-चेन घेतली. क्योटो राहिलं, मान्य, जाणाऱ्यांनी खुशाल जावं. परवा आई म्हणाली, यंदा ३० तारखेला गावाकडं जाऊ. मी म्हटलं क्वार्टर एंड आहे, सुट्टी मिळायची नाही. ते खरंच आहे, दरवर्षी त्या तारखेला क्वार्टर संपतोच.